मागच्या खिडकीतलं लिंबूपाणी

आमच्या दवाखान्याला दोन तोंडं होती. पुढचं तोंड देवळाली कॅम्पच्या बाजाराकडे. तिथे पाटी, वजनकाटा, दोन बाकं आणि सर्दी-खोकल्याची सभ्य गर्दी. मागचं तोंड म्हणजे एक खिडकी, तिच्यासमोर चिंचेचं झाड आणि झाडाखाली एक लांब बाक. पुढून यायचे ते आजारी असायचे. मागून यायचे ते आदल्या दिवशी कुणाच्या तरी आग्रहाला बळी पडलेले असायचे. निदान त्यांचं म्हणणं तसं असे.

मी या दवाखान्यात कंपाउंडर होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर वर्षभरात लागलो आणि पुढची सोळा-सतरा वर्षं तिथेच काढली. हल्लीच्या मुलांना कंपाउंडर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे आणि औषध आम्ही तयार करायचो. खलात गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या, मोठ्या बरण्यांमधून मोजून मिक्श्चर करायचं, आणि बाटलीवर कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक दाता म्हणजे एक डोस. लोक कंपाउंडरला अर्धा डॉक्टर म्हणत. मी स्वतःला पाऊण समजत असे, आणि ही सगळी हकीकत त्या वरच्या पावामुळे घडली.

आमचे डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण घड्याळ पक्कं. सकाळी नऊच्या ठोक्याला येत. साडेसात ते नऊ दवाखाना झाडायचा, सुया उकळायच्या, बरण्या भरायच्या आणि मागची खिडकी सांभाळायची, हे माझं काम. खिडकी त्यांच्याच परवानगीने चालायची. ते म्हणाले होते, "ही माणसं लाजेनं पुढून येणार नाहीत. घरी रिकाम्या पोटी डोकेदुखीच्या गोळ्या गिळतील आणि पोट जाळून घेतील. त्यापेक्षा तू त्यांना पाणी पाज."

कॅम्पात अशा गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. छावणीचं गाव. निवृत्त फौजींना कॅन्टीनची रम मिळायची, ठेकेदारांना देशी परवडायची, आणि पेठ-सुरगाण्याकडून कुणी आलं की मोहाचीही बाटली पिशवीतून यायची. 'हँगओव्हर' हा शब्द तेव्हा आमच्या बाजारात पोचला नव्हता. 'डोकं धरलंय' म्हणायचे आणि त्यावरच्या इलाजाला उतारा.

उताऱ्याबद्दल लोकांच्या डोक्यात जे काय काय होतं, ते ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावत. कुणी म्हणे काट्यानं काटा काढावा, म्हणजे सकाळी उठून पुन्हा अर्धा पेला घ्यावा. कुणी कांद्याचा रस काढून प्यायचा. सगळ्यात मोठा पंथ मिसळवाल्यांचा. डोकं दुखतंय ना, मग तर्रीवर तर्री घेऊन झणझणीत मिसळ हाणा, घाम फुटला की दारू निघून जाते. घाम फुटायचा, हे खरं. मग ती माणसं एक हात डोक्याला आणि दुसरा पोटाला लावून माझ्या खिडकीत यायची.

खरा इलाज इतका साधा होता की लोकांचा विश्वास बसत नसे. दारू अंगातलं पाणी काढून नेते, म्हणून डोकं ठणकतं आणि जिभेला कोरड पडते. पोटातलं आम्ल खवळतं, म्हणून मळमळतं. रात्री जेवण झालेलं नसतं, म्हणून हात थरथरतात. तेव्हा पहिल्यांदा पाणी. एका पेल्यात अर्धं लिंबू, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, आणि ते घोट घोट प्यायचं. घटाघटा प्यायलं तर चिंचेच्या बुंध्याशी परत निघतं. मग पोटाला मऊ काहीतरी. केळं, ताक-भात, मुगाची पातळ खिचडी. डोकेदुखीची गोळी पोटात अन्न गेल्यावर, लागलीच तर. आणि झोप. बाकी शरीर आपलं आपण निस्तरतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

पण नुसतं लिंबूपाणी आणि केळं घेऊन माणूस समाधानी होत नाही. त्याला काहीतरी 'ताकदीचं' हवं असतं. त्या काळात ताकदीचं म्हणजे बी-कॉम्प्लेक्स. कॅप्सूल, सिरप, आणि हौशी लोकांना तर इंजेक्शनच. मी डॉक्टरांना एकदा विचारलं, याचा खरंच उपयोग होतो का? ते म्हणाले, "रोज पिणारा जेवत नाही, त्याच्या अंगात हे कमी पडतं, त्याला द्यावं. एका रात्रीच्या हौशाला दिलं तर ते जसंच्या तसं मोरीत जातं."

ते मोरीत जाण्यावरून एक गंमत झाली. एका ठेकेदाराकडचे कारकून होते. त्यांनी परस्पर दुकानातून कॅप्सूल आणल्या आणि लवकर बरं वाटावं म्हणून एकदम तीन घेतल्या. दुसऱ्या दिवशी पांढरेफटक पडून खिडकीत आले.

"कंपाउंडर, माझं लिव्हर गेलं."

"काय झालं?"

"लघवी हळदीसारखी पिवळी होतेय हो! कावीळ, दुसरं काय? धाकटीचं लग्न व्हायचंय अजून."

त्या कॅप्सूलने लघवी पिवळीधमक होतेच, हे मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "आता तरी सोडा." बिचाऱ्यांनी आठ दिवस थेंबाला शिवलं नाही. नवव्या दिवशी मी खरं सांगितलं, तेव्हा ते माझ्यावर इतके संतापले की त्याच संध्याकाळी पुन्हा बसले. डॉक्टरांच्या कानावर हे गेलं. म्हणाले, "तू औषध दे. निकाल देत जाऊ नकोस." मी मान डोलावली, पण मनातून मला माझं बरोबरच वाटत होतं.

कारण निकाल द्यायची मला गोडी लागली होती. डॉक्टरांनी घालून दिलेला एक नियम होता: पाणी देण्याआधी माणसाने काय घेतली, किती घेतली, कुठली घेतली हे विचारायचं. त्यामागे कारण होतं. हातभट्टीची विषारी निघाली तर डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागतं. अशा माणसाला लिंबूपाणी पाजत बसायचं नाही, तडक नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. दोन प्रश्नांचं काम. मी मात्र त्याचं कोर्ट करून टाकलं. पेला भरून खिडकीच्या फळीवर ठेवायचा, त्याच्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "आधी खरं, मग पाणी."

आणि खरं कुणी पहिल्या फटक्यात सांगत नसे. नामपूरचे एक कांद्याचे व्यापारी कॅम्पात मेहुण्याकडे आले होते. डोक्याला उपरणं घट्ट बांधून खिडकीत उभे.

"भाऊ, डोकं लई दुखी ऱ्हायनं. काही औषध शे का?"

"किती घेतली?"

"मी नही भाऊ. पाव्हणास्नी पाजी."

मी पेला आत ओढला. ते पेल्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तीन गिलास."

"पाहुण्यांचे?"

"मन्हा."

बाकावर हशा पिकला. हे सगळं मला फार आवडायचं. एरवी पुढच्या दारी मी 'ए कंपाउंडर' होतो. मागच्या खिडकीत मोठमोठे मिशीवाले माझ्यासमोर शाळकरी पोरासारखे उभे राहत. एकदा तर मी पैज जिंकलो होतो की चिंचेपासून खिडकीपर्यंतच्या दहा पावलांवरून मी माणसाने किती घेतली ते सांगेन. घाम, हाताचा कंप, अडखळती जीभ आणि पायांची दिशा, या चार खुणांवर माझं शास्त्र चालायचं.

ती पैज ज्यांच्याशी लागली होती ते सुभेदार मोरे. तोफखान्यातून निवृत्त झालेले, उंचेपुरे, एका कानाने कमी ऐकणारे. बाकाच्या उजव्या टोकाची जागा त्यांची. तिथे दुसरं कुणी बसत नसे. खरं बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. विचारायच्या आत, "तीन पेग, रम, साडेधा वाजता बंद," असा अहवाल द्यायचे. वेलदोड्याचं टिंक्चर घातलेलं पाचक मिक्श्चर त्यांना फार पसंत होतं, कारण टिंक्चर स्पिरिटात करतात हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. डॉक्टरांनी शेवटी खिडकीपुरतं ते टिंक्चरच बंद करायला लावलं. सुभेदारांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यात दम नाय राह्यला."

आता साळवे गुरुजींकडे येतो. त्यांच्याकडे येईपर्यंत मी एवढा वेळ का लावला, ते पुढे कळेलच.

गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक. सडपातळ, पांढरा सदरा, बोलणं सावकाश. जवळच्या वसाहतीत बौद्ध विहार होता. पत्र्याचं छप्पर आणि शेणाने सारवलेलं अंगण. दर रविवारी सकाळी गुरुजी तिथे तरुण पोरांना जमवत. पंचशील म्हणायचे आणि पाचव्या शीलावर, म्हणजे दारूपासून दूर राहण्यावर, जास्त वेळ थांबायचे. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. त्यांनी वसाहतीतले दोन गुत्ते बंद पाडले होते. तीस-चाळीस पोरं त्यांच्या शब्दावर सुटलेली होती. त्या माणसाची सगळी मिळकत म्हणजे हा शब्द.

आणि एका रविवारी त्यांनी माझ्या खिडकीवर बोट ठेवलं. "दवाखान्याची मागची खिडकी बंद झाली तर निम्मी माणसं आपोआप सुटतील," असं ते सभेत म्हणाले. "सकाळी उतारा मिळतो, म्हणून रात्री हिंमत होते." हे मला तीन जणांनी येऊन सांगितलं, आणि तिघांनीही थोडं थोडं वाढवून सांगितलं. मला फार लागलं. डॉक्टरांना नाही लागलं. म्हणाले, "त्यांचं चुकलं असं नाही. आपलंही चुकत नाही."

त्याच आठवड्यात गुरुजींना मधुमेह निघाला. तेव्हा लघवीची तपासणी मीच करायचो. निळ्या द्रावणात थेंब टाकून नळी स्टोव्हवर उकळायची. साखर असली की निळं पाणी विटकरी होतं. गुरुजींची नळी विटकरी झाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला हाक मारून बजावलं, "गोळी घेतली की लगेच खायचं, उपाशी राहायचं नाही, हे त्यांना नीट समजावून सांग."

मी समजावून सांगितलं नाही. संध्याकाळची गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात अढी होती. गोळ्या मोजल्या, पुडीवर 'सकाळी एक' लिहिलं आणि पुडी फळीवर सरकवली. दारू प्यालेल्यांना 'आधी खा, मग गोळी' हे मी रोज तासभर घोळवून सांगायचो. न पिणाऱ्या माणसाला 'गोळी घेतली की खा' हे एक वाक्य सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

चार दिवसांनी रंगपंचमी झाली. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाक गच्च भरला होता. कानांमागे हिरवा रंग घेऊन माणसं ओळीने बसलेली. आठच्या सुमारास चिंचेखालून एक पांढरा सदरा येताना दिसला.

साळवे गुरुजी. पाय आडवेतिडवे पडत होते. कपाळावर घाम. खिडकीची फळी धरली तर बोटं थरथरत होती.

"कंपाउंडर... ते... पाणी," ते म्हणाले. जीभ जड.

चारही खुणा बरोबर. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वास येत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण शहाण्याला त्याचंही उत्तर सापडतं. म्हटलं, पेरूचं पान चावून आलेत.

"या गुरुजी, या," मी बाकाला ऐकू जाईल असं म्हणालो. पेला भरला, फळीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. "इथला नियम माहीत असेलच. आधी खरं, मग पाणी. किती घेतली?"

"मी... घेत नाही."

"इथे सगळे असंच म्हणतात. किती?"

"घेतली नाही. पाणी द्या."

बाकावरचे हसले. मीही हसलो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं काहीतरी शोधत असल्यासारखे बघत होते. एक खोटा आकडा सांगितला असता तर पेला हातात होता. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

"मग पाणी नाही," मी म्हणालो.

सुभेदार बाकाच्या आपल्या टोकावरून ओरडले, "आरं दे की कंपाउंडर! तोंड बघ त्यांचं, पांढरं पडलंय!"

"नियम म्हणजे नियम, सुभेदार."

आणि गुरुजींचे गुडघे वाकले. फळीवरून हात निसटला आणि ते भिंतीला घासत खाली बसले. मी आतून दाराकडे पळेपर्यंत सुभेदार त्यांच्याजवळ पोचले होते. स्वतःचा पेला, अजून अर्धाच प्यायलेला, त्यांनी गुरुजींच्या ओठांना लावला. सुभेदारांचेही हात थरथरत होते, पण थेंब सांडला नाही. घोट घोट पाजत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेतली, घेतली म्हणून लिव्ह! दोन क्वाटर. माझ्या नावावर मांड. आता झालं का तुझं?"

मी दुसरा पेला भरून आणला. त्यात साखर जास्त पडली, ती घाईने. दहा-बारा मिनिटांत गुरुजींचा घाम थांबला. डोळे स्थिर झाले. "मी इथं कसा बसलोय?" त्यांनी नीट, स्वच्छ आवाजात विचारलं.

तेव्हा मला उमगलं. धरलेलं डोकं दहा मिनिटांत उतरत नाही. दुपार होते, कधी संध्याकाळ होते. दहा मिनिटांत उतरते ती दारू नसते. साखर उतरलेली असते, आणि ती साखरेनेच चढते. माझ्या लिंबूपाण्याने माणूस वाचला होता, आणि तेच लिंबूपाणी मी हात ठेवून अडवून धरलं होतं.

नऊला डॉक्टर आले. त्यांनी गुरुजींची नाडी धरली.

"सकाळची गोळी घेतली?"

"घेतली. पहाटे."

"खाल्लं काय?"

"काही नाही. परीक्षेला येत नाही म्हणून एका मुलाच्या घरी गेलो होतो. तिथून येताना चक्कर यायला लागली. पुढचं दार बंद होतं, म्हणून मागे आलो."

"गोळीनंतर लगेच खायचं, हे कंपाउंडरनं सांगितलं नव्हतं?"

मी कपाटाला टेकून उभा होतो. गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "कदाचित सांगितलं असेल. माझ्या लक्षात राहिलं नसेल."

इतकी वर्षं लोकांकडून खरं वदवून घेणारा मी, तोंडात मूग धरून उभा राहिलो. डॉक्टरांनी त्यांना खडीसाखर जवळ बाळगायला सांगितली. मी पुडी बांधली आणि या वेळी वळणदार अक्षरात सगळं लिहिलं: 'चक्कर, घाम, कंप आल्यास लगेच खाणे. गोळीनंतर उपाशी राहू नये.' पाच दिवस आधी लिहायला हवं होतं ते.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. पण बाकावर त्या दिवशी अकरा माणसं होती, आणि रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अकरा माणसांना जेवढं दिसतं तेवढंच त्यांनी गावाला सांगितलं. साळवे गुरुजी मागच्या खिडकीत आले, झोकांड्या खात आले, खाली पडले, सुभेदाराने उतारा पाजला. बाजारात चहाच्या टपरीवर तेच. वसाहतीत तेच. शाळेच्या फळ्यावर कुणीतरी बाटलीचं चित्र काढलं म्हणे.

शुक्रवारी सुभेदार खिडकीत आले. अहवाल दिला नाही, पेलाही मागितला नाही.

"गुरुजीची सभा मोडणार बघ रविवारी," ते म्हणाले. "पोरं म्हणत्यात, मास्तरच पितो तर आम्ही काय म्हणून सोडायची? दोघांनी काल पुन्हा सुरू केली. एक तर माझ्याच शेजारचा हाय."

"तुम्ही सांगा ना लोकांना, सुभेदार. तुम्ही होता तिथे."

"मी सांगू?" ते हसले. "बेवड्याची साक्ष कोन धरतंय? तू सांग. तू शुद्धीत व्हतास."

घरी मी सगळं बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रोज लोकांना उभं करता. आता स्वतः उभे राहा एकदा." मी म्हटलं, नोकरी जाईल. ती म्हणाली, "मग दुसरी बघा. पण आधी जाऊन या."

शनिवारी डॉक्टरांना सांगितलं. पुडीचं सांगितलं, पेल्याचं सांगितलं, अढीचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुडीचं मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कसं काय, साहेब?"

"गुरुजी 'कदाचित' म्हणाले. तो माणूस एरवी कदाचित म्हणत नाही." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? माझी सभा मोडलेली नाही."

रविवारी सकाळी मी विहारात गेलो. चाळीसांच्या जागी पंधराएक माणसं होती, त्यातली निम्मी गंमत बघायला आलेली. कोपऱ्यात एक मडकं, लिंबं, साखरेचा डबा. उन्हाळा सुरू होत होता, म्हणून गुरुजी सभेनंतर सगळ्यांना सरबत द्यायचे. सुभेदार मोरे मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर पदकं लावून बसले होते. त्यांना तिथे बघून मला थोडा धीर आला आणि थोडी लाजही वाटली.

वंदना झाली. मी उभा राहिलो. म्हणालो, "मला... ते... बोलायचं आहे." पुढे शब्दच येईना. कपाळावरून घाम ओघळायला लागला. हात थरथरत होते, ते मी पाठीमागे धरले. जीभ टाळ्याला चिकटली, आणि पाय आपोआप दाराच्या दिशेने वळत होते. माझ्या चारही खुणा पूर्ण भरल्या होत्या. मी स्वतःच्या खिडकीत असा गेलो असतो, तर मीच मला विचारलं असतं, किती घेतली?

गुरुजी उठले. मडक्यातून पाणी घेतलं, लिंबू पिळलं, साखर-मीठ घातलं, चमच्याने ढवळलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आधी पाणी प्या," ते म्हणाले. "मग काय ते बोला."

मी प्यालो. डोळे भरून आले, ते लपवता आले नाहीत. मग सगळं बोललो. गोळ्यांची पुडी, न सांगितलेलं वाक्य, फळीवरचा पेला, त्यावरचा हात. "गुरुजींनी थेंब घेतला नव्हता," मी म्हणालो. "त्यांनी तीनदा खरं सांगितलं आणि मी तीनदा पाणी नाकारलं. खोटा आकडा सांगून पाणी मिळत होतं, तरी त्यांनी सांगितला नाही. त्या दिवशी त्यांचा जीव गेला असता, तर तो माझ्यामुळे गेला असता."

मागच्या रांगेत हालचाल झाली. सुभेदार ताठ उभे राहिले. "मी साक्षीदार हाय," ते तोफखान्याच्या आवाजात म्हणाले. "त्या दिवशी प्यालेला मी व्हतो. गुरुजी नाय. आज मी बी प्यालेलो नाय, कुनीबी येऊन वास घ्या."

कुणी वास घेतला नाही. पुढच्या रांगेतल्या दोन पोरांनी मान खाली घातली.

गुरुजींनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

"झालं? की अजून काही खरं राहिलंय?"

मी जरा विचार केला. आता सुरुवात केलीच होती.

"एक राहिलंय, गुरुजी. पाण्यात मीठ जास्त झालं होतं."

साळवे गुरुजींना हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते आधी नुसतं ओठांत हसले, मग खांदे हलवून, आणि मग पंधराच्या पंधरा माणसं हसली. पुढच्या रविवारी विहारात पुन्हा सतरंज्या कमी पडल्या, असं सुभेदारांनीच मला सांगितलं. ते स्वतः कधीकधी जात. सुटले नाहीत, पण जात.

सोमवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे चिंचेखालून खिडकीत आले. मी पेला भरला आणि फळीवर न ठेवता सरळ त्यांच्या हातात दिला. ते पेल्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

"विचारनार नाय?"

"आधी पाणी, सुभेदार."

त्यांनी घोट घोट करून सगळं संपवलं, मिशा पुसल्या आणि पेला परत केला. "मीठ बराबर हाय," म्हणाले. मग आपल्या जागेवर जाऊन बसले आणि कुणी विचारलं नसताना आकडा सांगितला.